न येणारी अडचण

२००५ च्या गणपतीत परळच्या आमच्या चाळीतल्या घरात एकाच औषधाच्या दोन पट्ट्या होत्या. एक काकूच्या पर्समध्ये होती आणि दुसरी माझ्या कॉलेजच्या सॅकच्या आतल्या कप्प्यात. काकूकडे पाच दिवसांच्या नैवेद्याचा स्वयंपाक होता आणि तिची तारीख नेमकी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येत होती, म्हणून ती पाळी लांबवण्याची गोळी घेत होती. माझी पाळी चार महिने आलीच नव्हती, म्हणून डॉक्टरांनी मला पाळी आणण्याची गोळी दिली होती. दोन्ही पट्ट्यांवर नोरेथिस्टेरॉन हेच नाव होते, आणि ते लक्षात आल्यावर आमच्या दोघींपैकी एकीला चुकीचे औषध मिळाले आहे अशी माझी कितीतरी दिवस खात्री होती.

तसे नव्हते. हे औषध शरीरातल्या प्रोजेस्टेरॉनसारखे काम करते. ते सुरू असेपर्यंत गर्भाशयाचे अस्तर जागेवर टिकून राहते आणि ते थांबवले की काही दिवसांत अस्तर सुटून रक्तस्राव होतो. काकू विसर्जनापर्यंत गोळी घेत राहिली, मी पाच दिवस घेऊन थांबवली, एवढाच काय तो फरक. आमच्या घरात पाळीला 'अडचण' म्हणत असत आणि अजूनही म्हणतात. गौरींच्या जेवणाला आलेली मावशी पानावर बसता बसता आईला म्हणाली, "हिचं बरं आहे, हिला अडचणच येत नाही." सगळ्या हसल्या आणि त्यांच्याबरोबर मीही हसले.

माझ्या या न येणाऱ्या अडचणीचे नाव पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पीसीओएस. मुंबईत डॉक्टरांपासून पार्लरपर्यंत सगळीकडे त्याला पीसीओडी म्हणतात आणि मीही बोलताना तेच म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातील १० ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो आणि त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नसते. मला तो आहे हे कळून आता जवळपास वीस वर्षे होतील. एवढ्या काळात माझे सर्वांत मोठे नुकसान औषधांनी केले नाही आणि औषधे न घेतल्यानेही झाले नाही. आपल्याकडे पाळीची चौकशी आधी लग्नासाठी आणि मग मुलासाठी केली जाते आणि मूल झाले की ती थांबते, या रीतीने ते केले. मूल झाल्यानंतरची ती सात वर्षे हा या लेखाचा खरा विषय आहे, परंतु तिथपर्यंत जाण्यासाठी थोडे मागून यावे लागेल.

पहिली खूण पाळीची नव्हतीच. मी तेरा-चौदा वर्षांची असताना माझी मान मागच्या बाजूने काळी पडू लागली. दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या वेळी आई उटण्याने सगळे अंग चोळून झाल्यावर मानेकडे पुन्हा वळत असे आणि "किती मळ साचलाय बघ" म्हणत ती लाल होईपर्यंत घासत असे. एरवी डाळीचे पीठ आणि दही असे, कधी लिंबाची फोड. मळ निघत नसे, कारण तो मळ नव्हताच. रक्तात इन्सुलिनचे प्रमाण सतत जास्त राहिले की मान, काख, जांघ अशा ठिकाणची त्वचा जाड, मखमलीसारखी आणि काळपट होते. वैद्यकीय भाषेत तिला अॅकॅन्थोसिस निग्रिकन्स असे नाव आहे. ज्या मुलीची मान अशी दिसते तिच्या आईला मला आता लोकलमध्येसुद्धा थांबवून सांगावेसे वाटते की घासू नका, रक्त तपासा. अर्थात मी तसे कधी सांगत नाही.

दुसरी खूण हनुवटीवरच्या केसांची होती, आणि तिचे निदान लालबागच्या एका पार्लरमधल्या ताईंनी केले. दातांत दोरा धरून त्या माझ्या वरच्या ओठावर थ्रेडिंग करत होत्या. मध्येच थांबून, दोरा बाजूला काढून त्यांनी विचारले, "पाळी वेळेवर येते का गं तुझी?" माझ्या आजारपणाच्या सगळ्या इतिहासात केस आणि पाळी यांचा संबंध जोडणारा हा पहिला प्रश्न होता. तोपर्यंत मुरुमांसाठी त्वचेचे डॉक्टर, चक्कर येते म्हणून घराजवळचे डॉक्टर आणि पाळीसाठी आईच्या ओळखीतल्या एक बाई, अशा तिघांकडे माझे तीन वेगवेगळे कागद होते, आणि तिघांपैकी कोणीही दुसऱ्याचा कागद पाहिलेला नव्हता.

२००६ मध्ये सोनोग्राफी झाली. पोटात लिटरभर पाणी घेऊन दीड तास ताटकळल्यानंतर जो अहवाल मिळाला त्यात दोन्ही अंडाशयांत लहान लहान सिस्ट असल्याचे लिहिले होते, आणि समोरच्या व्यक्तीने आईला त्याचा अर्थ 'गाठी' असा सांगितला. परळमध्ये राहणाऱ्या माणसाला गाठ म्हटले की टाटा हॉस्पिटलच दिसते. आई त्या रात्री जेवली नाही. वास्तविक या गाठी नसतात. दर महिन्याला अंडाशयात काही स्त्रीबीजांच्या पिशव्या वाढू लागतात, त्यांतील एक पूर्ण वाढून फुटते आणि बीज बाहेर पडते. पीसीओएसमध्ये या पिशव्या २ ते ९ मिलिमीटरपर्यंत वाढून तिथेच थांबतात. भिजवलेली मटकी फुगावी पण तिला मोड येऊ नयेत, तसा हा प्रकार आहे. त्या कापून काढायच्या नसतात, आणि केवळ त्या दिसल्या म्हणून विकार आहे असेही ठरत नाही.

निदानाची रीत २००३ साली नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत ठरली. पाळी अनियमित असणे, पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक रक्तात किंवा केस-मुरुमांच्या रूपाने दिसणे आणि सोनोग्राफीत अंडाशयाचे विशिष्ट रूप दिसणे, या तिन्हींपैकी कोणतीही दोन लक्षणे असावीत, आणि त्याआधी थायरॉइड, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक व मूत्रपिंडावरची अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथी यांचे विकार नाहीत याची खात्री करून घ्यावी, असा तो निकष आहे. म्हणजे नुसत्या सोनोग्राफीच्या कागदावर कोणी 'पीसीओडी' असे लिहून दिले तर ते अर्धेच निदान असते. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने प्रौढ स्त्रियांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच या अंडाशयातील संप्रेरकाच्या रक्तचाचणीलाही मान्यता दिली आहे. दीड तास पोट फुगवून बसलेल्या माझ्यासारखीला हे वाचून थोडा हेवा वाटला.

नावात अंडाशय असल्यामुळे सगळ्यांचे लक्ष तिथेच जाते, आणि त्याला इतिहासही कारणीभूत आहे. १९३५ साली शिकागोतील स्टीन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी पाळी न येणाऱ्या सात स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांना मोठी झालेली अंडाशये दिसली आणि त्यांनी शस्त्रक्रियेने त्यांचा काही भाग कापून काढला. इन्सुलिनचा या विकाराशी संबंध आहे हे संशोधकांच्या लक्षात येण्यासाठी १९८० साल उजाडावे लागले. आज जे समजते ते थोडक्यात असे आहे : अनेक स्त्रियांच्या शरीरात पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, त्यामुळे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते, हे जादा इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन अधिक बनवण्यास भाग पाडते आणि त्याच वेळी यकृतात तयार होणारे, टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिन कमी करते. मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढले की हनुवटीवर केस येतात, डोक्यावरचे विरळ होतात आणि बीज बाहेर पडणे थांबते. बीज बाहेर पडले नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि मग पाळी येत नाही. मावशीला जी सोय वाटली होती ती या साखळीची शेवटची कडी होती.

आता जाडीविषयी. निदानाच्या त्या दिवसांत माझे वजन ५२ किलो होते आणि उंची पाच फूट दोन इंच. एका डॉक्टरांनी मला पाहताच म्हटले होते, "तू तर बारीक आहेस, तुला पीसीओडी कसा होईल?" याचे उत्तर मला नंतर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात सापडले. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचे शेजारी-शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण बारीक दिसतो आणि आत चरबी बाळगतो. म्हणूनच भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा २५ वर नाही तर २३ वर धरली जाते आणि स्त्रियांच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगितले जाते. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते, हे मी अनुभवाने सांगू शकते. आमच्या परळमध्येच असलेल्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी मुंबईतील १५ ते २४ वयोगटातील मुलींची तपासणी करून २०१४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा रॉटरडॅम निकषाने २२.५ टक्के मुलींमध्ये आणि अधिक कडक निकषाने १०.७ टक्के मुलींमध्ये हा विकार आढळला. आणि रॉटरडॅम निकषात बसलेल्या मुलींपैकी ७१.८ टक्के मुली लठ्ठ नव्हत्या. ती संस्था माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होती, आणि आम्ही मात्र कोणाच्या तरी सांगण्यावरून पार विरारला एका वैद्यांकडे काढा आणायला जात होतो.

औषधांकडे वळते. मला गर्भनिरोधक गोळ्या दिल्या गेल्या, आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टने पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळताना आईकडे असे काही पाहिले की ती घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. दूरदर्शनवरच्या माला-डीच्या जाहिराती पाहत मोठ्या झालेल्या पिढीला बिनलग्नाच्या मुलीने या गोळ्या घ्याव्यात हे पटणे अवघड होते, आणि त्यासाठी मी आईला दोष देत नाही. ती पट्टी पुढची तीन वर्षे तांदळाच्या डब्यामागे राहिली. या गोळ्यांचे काम ठरलेले आहे : त्या गर्भाशयाचे अस्तर वेळच्या वेळी सुटू देतात, यकृतातील ते प्रथिन वाढवून मोकळे टेस्टोस्टेरॉन कमी करतात आणि त्यामुळे मुरुम-केस हळूहळू कमी होतात, केसांना तर किमान सहा महिने द्यावेच लागतात. गोळ्या बंद केल्या की मूळ परिस्थिती परत येते, कारण त्या विकार मुळातून काढत नाहीत. ज्यांना आधी डोळ्यांपुढे झगमग होऊन अर्धशिशी उठते, ज्या धूम्रपान करतात किंवा ज्यांच्या घरात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा इतिहास आहे, त्यांनी हे सगळे डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे. एवढे सांभाळले तर ते एक साधे, उपयोगी औषध आहे. त्याला 'हार्मोन्सचे विष' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण सहमतही होत नाही.

गोळ्या घ्यायच्या नसतील तर निदान तीन-तीन महिने पाळी येऊ न देता राहू नये, ही गोष्ट मला कोणीतरी पहिल्याच दिवशी ठासून सांगायला हवी होती. बीज न फुटल्याने प्रोजेस्टेरॉन नसते, पण इस्ट्रोजेन मात्र अस्तर जाड करत राहते, आणि वर्षानुवर्षे असे चालले तर त्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. प्रत्यक्षात तो तरुण वयात फार थोड्यांना होतो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण नव्वद दिवस उलटले की डॉक्टरांकडे जाणे हा नियम सोपा आहे. काकूच्या आणि माझ्या त्या एकाच गोळीचा माझ्या बाजूचा उपयोग हाच होता.

लग्न ठरताना आईने सुचवले की हे सांगण्याची काही गरज नाही. मी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून होणाऱ्या नवऱ्याला सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग यात मी काय करायचं असतं?" आमच्या संसारातला हा पहिला उपयुक्त प्रश्न होता असे मी अजूनही मानते.

२०१२ मध्ये आम्ही मुलासाठी प्रयत्न सुरू केले आणि इथून पुढे माझ्या पाळीकडे एवढे लक्ष दिले गेले की मला संकोच वाटावा. सासूबाई तारखा विचारू लागल्या. आईने कालनिर्णयवर माझ्या नावाच्या फुल्या मारायला पुन्हा सुरुवात केली, मी सासरी राहत असतानाही. त्या काळात बीज फुटण्यासाठी क्लोमिफीन दिले जात असे आणि मलाही तेच मिळाले. लेट्रोझोल हे दुसरे औषध उपलब्ध होते, पण भारत सरकारने २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी घातली होती. ती २०१७ मध्ये उठली. दरम्यान २०१४ मध्ये अमेरिकेतील ७५० स्त्रियांवरच्या एका मोठ्या अभ्यासात लेट्रोझोल घेतलेल्या २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले आणि क्लोमिफीन घेतलेल्या १९.१ टक्के स्त्रियांना, आणि आज पीसीओएसमध्ये पहिली पसंती लेट्रोझोललाच आहे. माझ्या वाट्याला जुने औषध आले आणि पाचव्या महिन्यात त्याला यश आले. दर एक दिवसाआड सकाळी फॉलिक्युलर स्टडीसाठी, म्हणजे बीजाची पिशवी किती वाढली हे सोनोग्राफीत पाहण्यासाठी, रांगेत उभे राहून नंतर फोर्टच्या ऑफिसात उशिराचा शेरा खाणे, हे या सगळ्या काळाचे चित्र माझ्या डोळ्यांपुढे राहिले आहे. त्या रांगेत बायका एकमेकींना पिशवीचे आकारमान मिलिमीटरमध्ये सांगत, "माझं काल सोळा होतं, आज अठरा," आणि अठरा ऐकून बाकीच्यांना खरोखर आनंद होत असे.

गरोदरपणात साखर वाढली. पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये ती शक्यता जास्त असतेच. पथ्य केले, मुलगी २०१४ च्या पावसाळ्यात सुखरूप जन्मली, आणि त्या दिवसापासून माझी चौकशी संपली. बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत साखरेची चाचणी पुन्हा करायची असते. मला तसे सांगितलेले माझ्या डिस्चार्जच्या कागदावर छापलेले आहे, हे मी नंतर वाचले. ते कोणाच्या लक्षात राहिले नाही, आणि ज्यांच्या लक्षात राहायला हवे होते त्यांत पहिली मीच होते. डिंकाचे लाडू, शिरा आणि रात्रीची जागरणे यांत ते आठवडे गेले.

पुढे एक फसवी गोष्ट घडली. पस्तिशीकडे जाता जाता माझी पाळी आपोआप नियमित होऊ लागली. अनेक जणींच्या बाबतीत वयाबरोबर असे होते. मला वाटले, सुटले एकदाची. आईने नवस फेडला. फुल्या मारणे बंद झाले, औषधे तर केव्हाच बंद झाली होती. २०२१ मध्ये ऑफिसने सक्तीची आरोग्य तपासणी ठेवली. माझी उपाशीपोटीची साखर ९४ आली, म्हणजे पूर्णपणे चांगली. पण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ६.२ आली. नव्या डॉक्टरांनी जुना इतिहास विचारला आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त तपासले, तेव्हा साखर १६८ निघाली. १४० पर्यंत ठीक मानतात आणि २०० ला मधुमेह म्हणतात. मी मधल्या उंबरठ्यावर उभी होते. पाळी रुळावर आली होती आणि त्याच काळात साखर रुळावरून घसरत होती, पण आमच्या घरातली मोजणी फक्त पहिल्या गोष्टीची होती. ज्या स्त्रीला पीसीओएस आहे तिची साखर दर एक ते तीन वर्षांनी तपासावी, रक्तदाब दरवर्षी पाहावा आणि कोलेस्टेरॉलही पाहून घ्यावे, असे मार्गदर्शिका सांगते. मूल झाले की हे थांबवावे असे ती कुठेही सांगत नाही.

त्यानंतर मी जे बदल केले त्यात चमत्कारिक काही नाही. मी वाढले त्या घरात सकाळी पोहे, दुपारच्या डब्यात तीन चपात्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी चहा-बिस्किटे आणि रात्री वरण-भात असा क्रम होता. यातला प्रत्येक पदार्थ निर्दोष आहे आणि सगळे मिळून पिष्टाचा डोंगर होतो. आता पोह्यांत कांद्याइतकेच मटार आणि शेंगदाणे असतात व बाजूला एक उकडलेले अंडे असते. वरण पातळ न ठेवता घट्ट केले, चपात्या तीनच्या दोन झाल्या, मटकी-चवळीची उसळ आठवड्यातून चार वेळा होते, बांगडा तळण्याऐवजी तव्यावर कमी तेलात भाजला जातो. भात सोडलेला नाही, आणि कोकणातून आलेल्या माणसाला भात सोडायला सांगणाऱ्या आहारतज्ज्ञांवर माझा विश्वास बसत नाही. उपवासांचे मात्र करावे लागले. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच पूर्वजांनी केली आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर केळे हा उपवास माझ्या स्वादुपिंडाला अजिबात मानवत नव्हता. सासूबाईंना मी ग्लुकोजच्या चाचणीचा कागद दाखवला. त्यांनी तो नीट वाचला आणि म्हणाल्या, "देवाला तुझा उपवास नको असेल, तुझी तब्येत हवी असेल." पुढच्या एकादशीला त्यांनी स्वतःच्या ताटातली खिचडीही अर्धी केली.

चालण्याबद्दल सगळेच सांगतात. आठवड्याला किमान १५० मिनिटे दम लागेल असे चालावे, आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा, यातला दुसरा भाग बायकांना फारसा कोणी सांगत नाही. स्नायू काम करत असताना रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही. भांडुप ते सीएसएमटी आणि परत, त्यात घरकाम, अशा दिवसात जिम बसत नाही. म्हणून मी तीन किलोचे दोन डंबेल्स आणले आणि मंगळवारी-शुक्रवारी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत स्वयंपाकघरातच ते उचलते. मुलगी सुरुवातीला हसली. वर्षभरात कमरेचा घेर ८८ वरून ८२ वर आला, वजन मात्र तीनच किलो कमी झाले, आणि एचबीए१सी ५.८ झाली. सोबत मेटफॉर्मिन हे साखरेचे औषध सुरू आहे. पहिल्या महिन्यात त्याने पोट बिघडले, मग जेवणासोबत थोड्या मात्रेने सुरू करून वाढवल्यावर जमले. दीर्घकाळ घेतल्यास बी१२ कमी होऊ शकते, म्हणून तेही तपासून घेते.

इनॉसिटॉल या पूरकाची पाकिटेही मी सहा महिने घेतली. २०२३ च्या मार्गदर्शिकेनुसार त्याचा पुरावा मर्यादित आहे आणि अपायही फारसा नाही. माझ्या बाबतीत अपाय खिशाला झाला, म्हणून थांबवली. लेडीज डब्यात डोक्यावर चिकटवलेल्या 'पीसीओडी मुळासकट घालवा' अशा जाहिरातींविषयी एवढेच म्हणते की हा विकार सांभाळता येतो, चांगला सांभाळता येतो, पण मुळासकट घालवणारे औषध आजतागायत कोणाकडेही नाही.

एका गोष्टीबद्दल मी फार उशिरा बोलले. २०१० ते २०१२ या काळात मी आरशात पाहणे टाळत असे, कारण खोलीतल्या सगळ्यांचे डोळे माझ्या हनुवटीवर आहेत असे मला वाटे, आणि रविवारची प्रत्येक संध्याकाळ रडण्यात जाई. पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण जास्त असते आणि निदान होताच त्यासाठीही विचारपूस व्हावी असे आता मानले जाते. मला ती विचारपूस कोणी केली नाही. मी स्वतःहून गेले, आणि वर्षभराच्या समुपदेशनाचा मला कोणत्याही गोळीइतकाच उपयोग झाला.

मुलगी आता अकरा वर्षांची आहे आणि गेल्या महिन्यात तिची पाळी सुरू झाली. आईने फोनवर लगेच विचारले, "सोनोग्राफी करून घेतेस का?" करणार नाही. पहिल्या वर्षात पाळी मागेपुढे होणे नैसर्गिक असते, आणि पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीने पीसीओएसचे निदान करू नये असे मार्गदर्शिका स्पष्टच सांगते, कारण त्या वयातल्या निरोगी अंडाशयातही अशा पिशव्या भरपूर दिसतात. आईकडून मुलीकडे हा विकार येण्याची शक्यता असते, हे मला माहीत आहे. म्हणून मी तिची मान पाहते, पण घासत नाही. तीन वर्षांनंतरही पाळी २१ ते ३५ दिवसांच्या आत येत नसेल, किंवा पहिल्या वर्षानंतर एखादी पाळी नव्वद दिवसांहून लांबली, तर तिला डॉक्टरांकडे नेईन.

परवा दादरला नव्या वर्षाचे कालनिर्णय घेतले. स्वयंपाकघरात ते अजून टांगलेले नाही, पण जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारच्या चौकटीत मी पेनाने लिहून ठेवले आहे : 'ग्लुकोज, सकाळी ७, रात्री नऊनंतर काही खायचे नाही.' मुलीने वाचून विचारले की हे कोणासाठी आहे. मी सांगितले, माझ्यासाठी. तिने त्याखाली पेन्सिलीने लिहिले, 'आई उपाशी, शाळेचा डबा बाबा करणार.'